विचारा की! – या वेळी फक्त मीठ, रण आणि रणातली माणसं

मागच्या अंकात छुंद्याच्या (कैरीच्या गोड लोणच्याच्या) उत्तरात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की सगळंच मीठ काही समुद्राचं नसतं, आपल्या गुजरातमध्ये रणातही मीठ पिकतं आणि ते पिकवणारी माणसं वर्षातले सात-आठ महिने तिथेच मुक्काम ठोकून असतात. छुंदा राहिला बाजूला, या एका वाक्यावरच एवढे मेसेज आले की संपादक म्हणाले, या वेळी सगळी जागा त्यालाच द्या. तर घ्या. लोणच्यावाले वाचक चिडू नका, शेवटी तुमच्यासाठीही दोन ओळी आहेत.

प्रश्न : ताई, माझं माहेर पेणचं. लहानपणापासून मिठागरं बघितलीत, भरतीचं पाणी आत घ्यायचं, वाळवायचं, मीठ ओढायचं. पण रणात पाणीच नाही तर मीठ कुठून येणार? का तिथे नुसतं जमिनीवर पडलेलं असतं, उचलायचं आणि पोत्यात भरायचं? – एक काकू, दांडिया बाजार

उत्तर : काकू, पाणी आहे, पण जमिनीखाली. आधी जागा समजून घ्या. आपण बोलतोय ते कच्छचं छोटं रण, रणोत्सवाचे तंबू लागतात ते पांढरं मोठं रण नव्हे. कच्छचं आखात पूर्वेला जिथे संपतं तिथून पुढे पाटडी, ध्रांगध्रा, हळवद, सांतलपूर या गावांच्या मधोमध साधारण ५००० चौरस किलोमीटरचा सपाट तुकडा आहे. राजस्थानसारखी वाळूची टेकाडं वगैरे काही नाही, भेगा पडलेली करडी जमीन आणि मध्येच कुठे थोडी उंच, झुडपांची बेटं. हा सगळा भाग कधीकाळी उथळ समुद्र होता, गाळ भरत भरत वर आला. आणि अजूनही तो पुरता जमीन झालेला नाही, कारण पावसाळ्यात बनास, रूपेण, सरस्वती या नद्या आपलं पाणी इथेच आणून ओततात, पश्चिमेकडून सूरजबारीच्या खाडीतून समुद्र आत शिरतो, आणि काही महिने सगळं रण पाण्याखाली असतं. त्या दिवसांत तिकडे कोळंबी धरतात, वाळवंटात कोळंबी, सांगून कोणाला पटत नाही! मग पाणी उडून जातं आणि खाली चिकणमातीत जे खारं पाणी अडकून राहतं ते समुद्रापेक्षा कितीतरी पट खारट असतं.

ते पाणी वर काढायचं आणि उन्हात आटवायचं, ऐकायला सोपं आहे. पण पावसाळ्यात सगळं धुऊन गेलेलं असतं, विहीर चिखलाने बुजलेली, पाटांचे (म्हणजे मीठ पिकवायच्या उथळ वाफ्यांचे) बांध सपाट, त्यामुळे दरवर्षी शून्यापासून सुरुवात. साधारण नवरात्र-दसऱ्याच्या आगेमागे रण ट्रॅक्टरचं वजन पेलण्याइतकं वाळलं की बाजरी, अंथरुणं, पाइप, इंजिन, बांबू, पोरंबाळं सगळं लादून कुटुंब निघतं. पूर्वी हाताने विहिरी खणायचे, आता बहुतेक बोअर. मग पाट बांधायचे, एकाला एक लागून असे अनेक, पाणी पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं फिरवत न्यायचं म्हणजे दर टप्प्यावर ते घट्ट होत जातं. शेवटच्या पाटाची तळजमीन मात्र अख्ख्या घराने अनवाणी पायांनी तुडवायची, दिवसच्या दिवस, कारण तळ कच्चा राहिला तर पाणी खाली मुरतं आणि मिठात चिखल येतो, आणि चिखलाचं मीठ व्यापारी घेत नाही.

खारटपणा मोजायला काचेची एक नळी असते, पाण्यात सोडली की उभी तरंगते, जेवढं पाणी घट्ट तेवढी ती वर येते, तिच्यावर डिग्रीचे आकडे असतात. समुद्राचं पाणी साधारण ३ डिग्री. रणातलं बोअरचं पाणी १५ च्या आगेमागे, म्हणजे सुरुवातच केवढी पुढून. २४-२५ डिग्रीला मीठ धरायला लागतं. आणि इथून पुढे खरी कसोटी, कारण मिठाची साय जमते ती तशीच राहू दिली तर सगळी लादी होते, म्हणून रोज लाकडी दंताळं घेऊन पाटात उतरायचं आणि तळापर्यंत ओढत जायचं, म्हणजे खडे सुटे राहतात आणि मोठे होतात. हे मोठ्या खड्याचं मीठ म्हणजे वडागरू, आणि समुद्राच्या पाण्याचं बारीक असतं ते करकच, तुमच्या पेणला बघितलंत ते त्या जातीचं. ओंजळीत घेतला तर वडागरूचा खडा चौकोनी, कडा सरळ, आतून काचेसारखा, फक्त मधे कुठेतरी दुधाळ ढग. मार्च-एप्रिलमध्ये मीठ ओढून ढीग लावायचे, ट्रक भरायचे आणि पावसाच्या आत गाव गाठायचं. मध्येच फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला तर काय होतं ते तुम्ही पेणच्या, तुम्हाला सांगायला नको.

नुसतं उचलायचं आणि पोत्यात भरायचं म्हणालात ना काकू, रागावत नाही, पण हे वाक्य तिथे जाऊन बोलू नका.

प्रश्न : अगरिया ही एखादी आदिवासी जमात आहे का? मी एफवायला आहे, सोशल सायन्सचा प्रोजेक्ट करतोय, इंटरनेटवर एकेक जण एकेक सांगतो. तिथे त्यांचं गाव कसं असतं, ग्रामपंचायत वगैरे? – विद्यार्थी, फतेगंज

उत्तर : जमात नाही रे, काम आहे. जो मीठ पिकवतो तो अगरिया. त्यात चुंवाळिया कोळी सगळ्यात जास्त, शिवाय सांधी आणि मियाणा ही मुसलमान मंडळी, हळवद-माळियाच्या बाजूला ती जास्त दिसतात. (मध्य भारतात अगरिया नावाची लोखंड गाळणारी एक जमात आहे ती वेगळी, तुझा इंटरनेटवरचा गोंधळ बहुधा तिथून आलाय, प्रोजेक्टमध्ये दोन्ही एकत्र केलेस तर मॅडम मार्क कापतील.)

गाव म्हणशील तर दोन ठिकाणी. पावसाळ्याचं गाव काठावर, खाराघोडा, ओडू, झिंझुवाडा, कुडा असं कुठेतरी, तिथे पक्की घरं, रेशनकार्ड, मतदार यादी, पंचायत, लग्नकार्य सगळं. आणि हंगामाचं बिऱ्हाड आत रणात, पाटाच्या कडेला, एक झोपडी, पुढची झोपडी नजरेच्या टप्प्यात असली तर शेजार म्हणायचा. झोपडी बांबू, पोती आणि मातीची, अर्धी जमिनीत उतरलेली, वारा अंगावर येऊ नये म्हणून. पिण्याचं पाणी टँकरचं, आठवड्यात एखादवेळी येतं, प्लास्टिकच्या टाकीत नाहीतर जमिनीत पुरलेल्या हौदात साठवायचं. मी गेले होते तेव्हा एका घरी बाईंनी चहा केला, आधी कप एवढ्याशा पाण्यात विसळला आणि ते विसळलेलं पाणी फेकलं नाही, शेजारच्या घमेल्यात जमा केलं, घमेल्यात सकाळपासूनची सगळी विसळणं होती, संध्याकाळी त्यात पोराचे पाय धुवायचे म्हणे. आणि आपण इकडे नळ सोडून फोनवर गप्पा मारतो.

ऊन ४५ डिग्रीच्या वर जातं आणि हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी. त्यामुळे दंताळं ओढण्याचं काम पहाटे. दुपारी पांढऱ्या पाटावरून ऊन परत डोळ्यात येतं, डोळ्यांच्या आणि कातडीच्या तक्रारी घरोघरी. देवाचं म्हणशील तर रणाच्या मधोमध एका बेटावर वाछडा दादाचं ठाणं आहे, गाई सोडवताना पडलेला वीर म्हणून त्याला पूजतात, रणात जाणारा माणूस त्याचं नाव घेतल्याशिवाय निघत नाही.

प्रोजेक्टसाठी एक टीप, नुसता 'गरीब बिचारे' असा सूर लावू नकोस. पाण्याकडे नुसतं बघून डिग्री सांगणारी म्हातारी माणसं आहेत तिकडे. कारागीर म्हणून लिही.

प्रश्न : ऐकलंय की अगरिया मेल्यावर चितेत त्याचे पाय जळतच नाहीत, मिठाने इतके कडक झालेले असतात. खरंय का? – अकोटा

उत्तर : रणात हे सगळे सांगतात, पाय वेगळे काढून मिठासोबत पुरतात असंही सांगतात, आणि प्रत्येक बातमीवाला तिथून हीच गोष्ट उचलून आणतो कारण हेडलाइन फुकटात मिळते. मला विचाराल तर मेल्यानंतरच्या पायांपेक्षा जिवंतपणीचे बघा. मिठाच्या पाण्यात रोज तासन्‌तास उभं राहून भेगा पडतात, भेगेत मीठ जातं, जखम लवकर भरत नाही. गमबूट वाटले जातात, काही जण घालतातही, पण चिकट तळावर बूट रुततात आणि तळ तुडवायला तर अनवाणीच लागतं, म्हणून बरेचदा ते बूट झोपडीच्या दाराशी तसेच उभे दिसतात.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आपण रणाविषयी लिहिता ते ठीक, परंतु आपल्या गायकवाडीचा या भागाशी काही संबंध होता काय? माझे आजोबा संस्थानच्या नोकरीत ओखामंडळात होते, ते मिठाच्या काही गोष्टी सांगत. – एक ज्येष्ठ वाचक, रावपुरा

उत्तर : काका, नमस्कार. बडोद्याच्या गायकवाडांचा संबंध आहे, आणि तो दोन टोकांनी आहे.

एक टोक पाटडीचं. १८ व्या शतकात वीरमगामला भावसिंह देसाई म्हणून मातबर माणूस होता. त्याचं आणि मराठ्यांचं कधी जमायचं कधी फाटायचं. दमाजीराव गायकवाडांचा गुजरातमधला कारभारी रंगोजी, त्याने वीरमगामला वेढा घातला आणि शेवटी तडजोड अशी झाली की देसायाने वीरमगाम सोडायचं आणि त्याच्या बदल्यात पाटडी आणि आसपासची गावं ठेवायची. म्हणजे रणाच्या तोंडावरचं पाटडीचं छोटं संस्थान उभं राहिलं ते मराठ्यांशी झालेल्या सौद्यातून. पाटडीच्या पलीकडे झिंझुवाडा आहे, तिथले सोळंकी काळातले दगडी दरवाजे अजून उभे आहेत, आणि गावकरी सांगतात की पूर्वी इथे गलबतं लागायची. रण समुद्र होता हे डोक्यात ठेवलं की त्यांचं म्हणणं एकदम हसण्यावारी नेण्यासारखं वाटत नाही.

मग इंग्रज आले. त्यांना कळलं की मीठ म्हणजे कर बसवण्यासाठी सगळ्यात खात्रीची वस्तू, कारण गरीबही सोडू शकत नाही. खाराघोड्याला सरकारी मिठाचा कारखाना उभा राहिला, १८७० च्या दशकात वीरमगामहून थेट तिथपर्यंत रेल्वे टाकली. वाळवंटाच्या कडेला साहेबांचे बंगले, लाकडी बाजारपेठ, गुदामं. १८८२ च्या कायद्याने मिठावरची सरकारी पकड पक्की झाली. काठियावाडच्या संस्थानिकांना सांगितलं, तुमचं मीठ तुमच्या हद्दीत ठेवा, ब्रिटिश मुलखात आणायचं नाही. शिवाय काठियावाडातून ब्रिटिश मुलखात येणाऱ्या मालासाठी वीरमगामला जकातीचं नाकं. प्रवाशांची झडती, ताटकळणं, अरेरावी. १९१५ मध्ये गांधीजी आफ्रिकेहून परत आल्यावर राजकोटला निघाले होते, तेव्हा वढवाण स्टेशनवर मोतीलाल नावाच्या शिंप्याने त्यांना या नाक्याचा जाच सांगितला. गांधीजींनी पाठपुरावा करून तो थेट व्हाइसरॉयपर्यंत नेला आणि १९१७ मध्ये नाकं उठलं. आपण मीठ म्हटलं की १९३० आणि दांडी म्हणतो, पण वीरमगामचं हे नाकं त्याच्या तेरा वर्षं आधी उठलं, आणि तेही एका शिंप्याच्या सांगण्यावरून. १९३० मध्ये पुन्हा वीरमगामलाही मिठाचा सत्याग्रह झालाच.

आता दुसरं टोक, तुमच्या आजोबांचं. ओखामंडळ, म्हणजे द्वारका आणि आसपासचा मुलूख, गायकवाडांचा. काठियावाडी संस्थानिक मिठावरून इंग्रजांशी घासाघीस करत होते त्याच काळात मिठापासून सोडा बनवायची खटपट सुरू झाली, ध्रांगध्र्याला १९२० च्या दशकात तसा कारखाना निघाला. कपिलराम वकील नावाचे रसायनतज्ज्ञ या सगळ्यात होते, त्यांनी पुढे ओखामंडळात बडोदे संस्थानच्या पाठिंब्याने मिठाचं काम उभं केलं आणि १९३९ मध्ये तिथे टाटा केमिकल्स सुरू झाली. तेच मिठापूर. म्हणजे टेबलावरच्या त्या प्रसिद्ध पाकिटाचं जन्मगाव आपल्या संस्थानातलं. आजोबांच्या गोष्टी लिहून ठेवल्या असतील तर पाठवा काका, एक अख्खं पान देते, संपादकांना विचारायची गरज नाही. (आहे, पण ते नाही म्हणणार नाहीत.)

स्वातंत्र्यानंतर खाराघोड्याचा सरकारी कारखाना हिंदुस्तान सॉल्ट्स या केंद्र सरकारच्या कंपनीकडे आला. मीठ काढून झाल्यावर जे कडू पाणी उरतं त्यातून तिथे ब्रोमीनही काढतात.

प्रश्न : मॅडम, मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. छोटं रण सगळं सरकारी आहे आणि वर घुडखर (रानगाढव) अभयारण्य आहे. तिथे हजारो लोक घुसून बोअर मारतात, इंजिनं चालवतात, ट्रक फिरवतात. हे अतिक्रमणच झालं ने? रिकामी जागा दिसली की बसा, असं थोडंच चालतं. – वाघोडिया रोड

उत्तर : राग नाही मानत, कारण हा प्रश्न पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय, तुम्ही सही करून विचारलात एवढंच. फक्त 'रिकामी जागा' या शब्दांशी माझं भांडण आहे.

छोट्या रणाची जमीन मोजणी कधी झालीच नाही. महसुली दप्तरात त्याला सर्वे नंबर शून्य म्हणतात. आता विचार करा, आपल्या मांडवीतल्या जुन्या वाड्याची एक भिंत चार बोटं सरकली तर सिटी सर्वेच्या नकाशावरून तीन पिढ्या भांडतात, आणि इथे ५००० चौरस किलोमीटरला एक आकडा आणि तोही शून्य. त्यामुळे कोणाचा बाप, आजा, पणजा कुठल्या पाटावर मीठ ओढत होता त्याचा सातबारा असणारच कुठून? शेतकरी पीक काढतो, कर्ज घेतो, गारपीट झाली की पंचनामा होतो. अगरियाच्या पाटात पाणी शिरलं तर आधी प्रश्न हा की तुझा पाट होता हे कशावरून.

आणि कायद्याचं म्हणाल तर १९४८ मध्ये, देश नुकता स्वतंत्र झाला होता, सरकारनेच ठरवलं की १० एकरपर्यंत मीठ पिकवायला लायसन्स लागणार नाही. दांडीनंतर ते करणं भागच होतं म्हणा. अभयारण्य आलं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, ४९५४ चौरस किलोमीटरचं. म्हणजे माणसं आधी, बोर्ड नंतर. अभयारण्य झालं की आत कोणाचे काय हक्क आहेत ते तपासून निकाल द्यायचे असतात, ते काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, मग यादी झाली तर तिच्यात बऱ्याच जणांची नावंच नाहीत. मध्यंतरी यादीत नाव नसलेल्यांना हंगामाच्या तोंडावर आत जायला बंदी झाली, रणकाठी आरडाओरडा झाला, आणि २०२३ मध्ये सरकारने १० एकरपर्यंतच्या पारंपरिक अगरियांना जाऊ द्यायचं ठरवलं. चांगलं झालं, पण जाऊ देणं आणि हक्क असणं यात फरक आहे हे तुम्हालाही मान्य असेल.

राहिलं घुडखर. ते खूर आपटत पाटापाटांमधून पळताना बघणं म्हणजे काय देखणं असतं, अंगाला बदामी रंग, पाठीवर गडद पट्टा, आणि वेग असा की जीप मागे पडते. १९६० च्या आसपास रोगांच्या साथींनी ही जनावरं मेली, काही शेकड्यांवर आली होती. २०२४ च्या गणतीत ७६७२ भरली. या सगळ्या काळात मीठ चालूच होतं. म्हणून मी असं म्हणणार नाही की ट्रक आणि इंजिनांचा काही त्रासच नाही, आहे, मोठ्या कारखान्यांचा आणि बेफाम ट्रकवाल्यांचा आहे आणि त्यावर लगाम हवा. पण दहा एकरावर दंताळं ओढणाऱ्या बाईला आणि त्यांना एकाच यादीत बसवू नका एवढंच.

प्रश्न : दुकानात मिठाचं पाकीट २५-३० रुपयांना. तिथे त्यांना काय मिळतं? – गृहिणी, मांजलपूर

उत्तर : किलोला पैशात मोजायचं, रुपया बरीच वर्षं गाठलेला नाही. एक कुटुंब एका हंगामात काहीशे टन मीठ काढतं, म्हणून आकडा मोठा वाटतो, पण हंगाम सुरू करतानाच व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते, भाव तोच ठरवतो, आणि डिझेल अर्ध्याहून जास्त खाऊन जातं, कारण पंप रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. गेल्या दहा-बारा वर्षांत इथे एकच गोष्ट खरोखर बदलली ती म्हणजे सोलर पंप. 'सेवा' संस्थेने बायकांना हाताशी धरून सुरुवात केली, मग राज्य सरकारने ८० टक्के सबसिडी दिली. ऊन तर तिथे फुकटच आहे! दिवसा सोलर, रात्री लागलं तर इंजिन, त्यामुळे डिझेलचा खर्च पुष्कळ उतरला आणि ज्यांनी पॅनेल घेतली त्यांची उचलही कमी झाली. पण मीठ जास्त निघायला लागलं की भाव पडतो, तो व्यापाराचा नियम रणालाही लागू. आणि एक नवीन डोकेदुखी अशी, की नर्मदेच्या कालव्यांचं वाया जाणारं पाणी शेतांतून वाहत रणात उतरतं आणि तयार पाटात घुसतं. ज्या पाण्यासाठी सगळं गुजरात आसुसलेलं असतं ते इथे नको असतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. आठ महिने आत राहायचं तर मुलांच्या शाळेचं काय? – कारेलीबाग

उत्तर : बाई, हाच सगळ्यात दुखरा भाग. काठावरच्या शाळेत नाव असतं, दसऱ्यानंतर मूल रणात. त्यासाठी रणात तंबूत शाळा भरतात, तिला रणशाळा म्हणतात, आणि आता एसटीच्या जुन्या बसगाड्या आतून वर्गासारख्या करून तिथे नेऊन उभ्या केल्यात, फळा, बाकं, वर सोलरचं पॅनेल. वाऱ्यात तंबू उडायचा, बस उडत नाही, त्यामुळे बरंच बरं. पण झोपड्या दूर दूर, मूल चालत येणार, आणि पाचवी-सहावीच्या पुढे घरातला हात म्हणून पाटात उतरणार. ज्यांना जमतं ते मुलांना गावात आजीकडे ठेवतात. मुलींना ठेवायला धजावत नाहीत.

तुम्ही 'जाऊन शिकवता येईल का' असंही विचारलंय. येईल, पण दोन दिवसांसाठी खाऊ आणि रंगपेट्या घेऊन जाणाऱ्यांची तिथे कमी नाही. महिनाभर राहायची तयारी असेल तर पाटडीत आधी भेटा, अगरियांसाठी काम करणाऱ्या संस्था तिथे आहेत, गरज काय ते त्या सांगतील.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत वडोदऱ्याहून जाऊन यायचंय, मुलं आणि सासूबाई सोबत. कसं करावं? – गोत्री

उत्तर : पाटडी आपल्याकडून दोनशे किलोमीटरच्या आसपास, एक्स्प्रेसवेने अमदावाद, मग वीरमगाम. पहाटे निघालात तर चहा-नाश्त्यासकट साडेचार-पाच तास धरा. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, ऑक्टोबरच्या मध्यात उघडतं, पण दिवाळी लवकर असेल तर आत चिखल असतो आणि मीठही दिसणार नाही, नुसते पाट बांधणं चाललेलं. मीठ बघायचं तर जानेवारीनंतर जा, फ्लेमिंगो आणि कुंज पक्षीही तेव्हा असतात. परवाना बजाण्याला मिळतो. आपली गाडी आत घालू नका, वरून कडक दिसणारी जमीन खालून लोण्यासारखी असते, स्थानिक जीप आणि तिथलाच माणूस घ्या. सासूबाईंना टोपी-छत्री, डोळ्यांना काळा चष्मा, आणि पाणी स्वतःचं, भरपूर. कोणाच्या झोपडीवर गेलात तर त्यांच्या टाकीतलं पिऊ नका, उलट आपल्याकडची एखादी बाटली ठेवून या. पाटाच्या आत पाय टाकायच्या आधी विचारा, फोटोसाठी तर नक्कीच.

आणि आता लोणच्यावाले. तीन जणांनी एकच विचारलं, की रणातलं वडागरू आणून थेट लोणच्यात घालावं का. दिसायला मोह होतो खरा. पण २००६ पासून खाण्यासाठी विकायचं मीठ आयोडीनयुक्त असणं बंधनकारक आहे, रणातलं मीठ कारखान्यात धुऊन, दळून, आयोडीन घालून मग पाकिटात येतं. ढिगातून उचललेल्या खड्यांत माती असते, लोणचं काळं पडेल. खंडेराव मार्केटमध्ये जाड मीठ मिळतं त्याच्या पिशवीवर आयोडीन लिहिलेलं बघून घ्या, कढईत कोरडं परता, गार होऊ द्या आणि मग कैरीला लावा. छुंद्याचं प्रमाण मागच्या अंकात दिलंय तेच, साखर कमी करायची असेल तर विचारा, पुढच्या वेळी सांगते.